रंगीत टीव्हीला जुना गेम

उन्हाळ्याच्या दुपारी नागपुरात काही घडत नाही. दार लावलेलं असतं, खिडकीत कूलर घरघरत असतो, खसाचा, म्हणजे वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलेला असतो आणि बाहेर ऊन असं की कावळ्यालासुद्धा ओरडायचा कंटाळा येतो. आमची ती अंधारी, गारेगार खोली मला अजूनही स्वप्नात दिसते. स्वप्नात ती जरा मोठी असते. एका कोपऱ्यात काळ्या काचेवर पांढरा चौकोनी चेंडू इकडून तिकडे जात असतो, आणि कुणालाच कसली घाई नसते.

चेंडू चौकोनी कसा, असं माझी मुलं विचारतात. आमचा चेंडू चौकोनीच होता आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो होता टीव्ही गेम. आत्याचे यजमान मस्कतला नोकरीला होते. त्यांनी तो त्यांच्या मुलांसाठी आणला, मुलांनी खेळून खेळून बाजूला टाकला, मग तो आमच्याकडे आला. आमच्याकडे बऱ्याच वस्तू अशाच, दुसऱ्याचं मन भरल्यावर येत. एक चपटा काळा डबा, त्याला वायरीने जोडलेल्या दोन छोट्या डब्या, आणि प्रत्येक डबीवर फिरवायचं एक गोल बटन. बटन फिरवलं की पडद्यावरची पांढरी पट्टी वर किंवा खाली सरके. चेंडू पट्टीला लागला की 'टुक', वरच्या नाहीतर खालच्या भिंतीला लागला की 'टिक', आणि सुटला की लांबलचक 'ट्यां'. हे आवाज डब्यातून नाही, टीव्हीतून यायचे. दुसरं काही त्या खेळात नव्हतं. पण एखाद्या दुपारी तो सुरू झाला की वेळ कुठे जायचा ते कळत नसे. खेळता खेळता डोळे जड व्हायचे, चेंडू हळू झाल्यासारखा वाटायचा, आणि आपण खेळतोय की कुणीतरी आपल्याला झुलवतंय हेच समजेनासं व्हायचं.

नाद खरा आईला होता. मी कॉलेज संपवून घरी बसले होते आणि बाबा दिवसभर गांधीबागेत, ठोक कापडाच्या दुकानात थान उलगडत उभे असायचे. म्हणून दुपारी आम्ही दोघीच. भांडी झाली, पदराला हात पुसले की आई टीव्हीसमोर सतरंजीवर बसायची आणि म्हणायची, "कूलर बंद कर वं."

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणणारं माणूस एकतर आजारी असतं नाहीतर कंजूष. आमची आई आजारी नव्हती. मी कुरकुरत कूलर बंद करायचे, घामाने भिजायचे आणि हरायचे. रोज हरायचे. आईची पट्टी चेंडूची वाट पाहत आधीच तिथे जाऊन बसलेली असायची. मी मात्र धापा टाकत पोचायचे आणि तोवर 'ट्यां'.

त्याच उन्हाळ्यात मला टेलिफोन ऑपरेटरच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. ट्रेनिंग जबलपूरला, आणि पुढे नोकरी कुठे लागेल त्याचा नेम नाही. बाबांनी दुकानात पेढे वाटले. आईने शेजारणींना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याच तिला सांगू लागल्या. मी मात्र अर्धी तयार आणि अर्धी नाही, अशी लटकून राहिले होते. कारण मला आईच्या डोळ्यांची शंका येत होती.

ती शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हिवाळ्यात तिने मशीनवर चादर टाकली ती काढलीच नाही. विचारलं तर म्हणे कंबर दुखते. विहारात जाताना वाटेतल्या नाल्यावर फळी होती, ती ओलांडताना माझा हात धरायला लागली. पोह्यांत दोनदा मीठ पडलं. एकदा मी दारात उभी असताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण?" मी हसले, तीही हसली, आणि म्हणाली उन्हातून आत आलं की असंच होते.

मी हटून बसले. आधी डोळ्याच्या दवाखान्यात चल, मग मी जबलपूरला जाते. तुझे डोळे बरे नसतील तर मला कुठेच जायचं नाही.

"मले चांगलं दिसते," ती म्हणायची. "दिसत नसतं तं तुले रोज हरवलं असतं का मी?"

एवढासा पांढरा ठिपका काळ्यावर पळतो, आणि ही बाई तो सोडत नाही. मी मनाची समजूत घालायचे. चाळिशी उलटली की सगळ्यांचंच होतं असं. मग रात्री अंथरुणावर पुन्हा शंका यायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हरले की पुन्हा निघून जायची. अशा रीतीने माझं जाणं न जाणं त्या मस्कतच्या डब्यावर येऊन ठरलं होतं.

आणि ऐन वेळी टीव्हीने मान टाकली.

तो लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा काळा-पांढरा टीव्ही होता. आधी चित्र आकसलं, मग मधोमध एक आडवी रेघ राहिली, मग तीही गेली. बाबांना तेवढं निमित्तच हवं होतं. आठवड्याभरात दुकानाच्या मालकांच्या ओळखीने घरी रंगीत टीव्ही आला. बघायला अर्धी गल्ली आत आली. कुणी साडीचा रंग बघे, कुणी बागेतली फुलं. आई गर्दीत मागे उभी होती. सगळे गेल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "याले गेम लागते का?"

"रंग तं पाह्य वं आधी," बाबा दुखावून म्हणाले.

"पाह्यले. चांगले आहेत. गेम लागते का?"

गेम लागत नव्हता. गेमची वायर चपटी होती आणि तिच्या टोकाला दोन दुबेळके पत्रे होते. जुन्या टीव्हीच्या पाठीवर दोन स्क्रू होते, त्यांच्याखाली ते पत्रे दाबले की झालं. नव्या टीव्हीच्या पाठीला स्क्रूच नव्हते, नुसतं एक गोल भोक. आई म्हणाली, गेम लागू द्या, मग पाहू दवाखान्याचं. आणि मीही मनातून तेच म्हणत होते. तिने मला पुन्हा एकदा हरवावं आणि मला मोकळं करावं.

बाबांनी ते आव्हान अंगावर घेतलं. ते कापडातले माणूस. त्यांचं म्हणणं, कापडाले कापड जोडता येते, तं वायरीले वायर काहून नाही? नवा गेम घ्या असं सुचवणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी असं पाहिलं की तो चहा अर्धा टाकून गेला. असलेली वस्तू चालत असताना नवी आणणं हा त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखालचा गुन्हा होता. रंगीत टीव्हीचं कसं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.

त्याच सुमारास गच्चीवरचा अँटेना फिरवायला एक माणूस आला. तो शिडीवरून उतरत असताना बाबांनी त्याला गाठलं आणि वायर दाखवली. त्याने सायकलवर टांग टाकता टाकता सांगितलं, "बलून लावा लागते काकाजी. बलून लावला का झालं."

संध्याकाळी बाबा गांधीबागेतून फुगे घेऊन आले.

लाल, पिवळे, हिरवे, चांगली पुडीभर. हसू नका, त्यांच्या डोक्यात त्याचा पक्का हिशेब होता. पावसाने खराब होऊ नये म्हणून अँटेनाच्या जोडाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळतात, हे त्यांनी गल्लीत पाहिलेलं. जुन्या टीव्हीला ट्यूब, तर नव्या नाजूक टीव्हीला फुगा, हे त्यांना अगदी रास्त वाटलं. त्यांनी लाल फुग्याची मान कापली, ती वायरीवर मोज्यासारखी चढवली, दोन्ही टोकं मशीनच्या दोऱ्याने बांधली आणि उघड्या तारा त्या गोल भोकात खुपसल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"रंग चुकला अशीन," मी म्हणाले. "हिरवा लावून पाहा."

आईने उरलेली पुडी हातात घेतली, एक फुगा बोटांनी चाचपला, ताणला आणि गंभीरपणे विचारलं, "वाढदिवस कोणाचा आहे जी?"

बाबा दोन दिवस आमच्याशी तुटक बोलले. मग मीच बर्डीच्या बाजारात गेले आणि टीव्हीच्या सामानाच्या दुकानात, हसू दाबत, बलून आहे का विचारलं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून अंगठ्याएवढी करडी प्लास्टिकची वस्तू काढून पुढे ठेवली. एका बाजूला दोन स्क्रू, दुसऱ्या बाजूला गोल पिन. चपटी वायर इकडून, गोल भोक तिकडून. याचंच नाव बलून. भेळेच्या पैशात काम झालं. परतताना बसमध्ये मला इतकं हसू आलं की शेजारची बाई सरकून बसली. आता गेम लागेल, आई जिंकेल, मी जाईन, असं सगळं मला एकदम सोपं दिसायला लागलं होतं.

रविवारची दुपार होती. बाबा टीव्हीच्या मागे पालथे पडून स्क्रू आवळत होते आणि मी पुढे. त्या टीव्हीला बटनांची रांग होती, आणि प्रत्येक बटनामागे, एका झाकणाच्या आत, नखाएवढं चाक. ते फिरवत फिरवत चॅनेल शोधायचं. मी चाक फिरवत होते. मुंग्या, मुंग्या, मग तिरप्या रेघा, मग पुन्हा मुंग्या. आणि मग एकदम, पाण्यातला गाळ खाली बसावा तसा पडदा निवळला. काळं पटांगण, मधे तुटक रेघ, दोन्ही बाजूंना दुधासारख्या पांढऱ्या पट्ट्या. जुन्या टीव्हीवर असं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. चेंडूचे चारी कोपरे मोजून घ्यावेत इतकं साफ.

फक्त आवाज येत नव्हता.

"आवाजाचं मंग पाहू," बाबा मागून म्हणाले. "खेळ दिसला म्हणजे झालं. बोलाव आईले."

आई आली, सतरंजीवर बसली, डबी मांडीवर घेतली. "कूलर बंद कर," म्हणाली. मी केला. पातं फिरत फिरत थांबलं आणि खोलीत इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचं चालणं ऐकू यायला लागलं. मी डब्यावरचं बटन दाबलं.

चेंडू निघाला. सावकाश, वरच्या भिंतीला टेकून, तिच्या बाजूला गेला. तिची पट्टी हलली नाही. चेंडू पलीकडे नाहीसा झाला आणि वर माझा आकडा बदलला. दुसरा चेंडू निघाला, तोही तसाच गेला. मला वाटलं ती मुद्दाम सोडतेय, मला चिडवतेय. मी तिच्याकडे पाहिलं. ती पाठ ताठ करून बसली होती, बोटं बटनावर, तोंड पडद्याकडे, आणि चेहरा असा की कुणी हाक मारेल म्हणून वाट पाहतेय. पडद्याचा उजेड तिच्या गालावर होता. चेंडू जात होते. तिसरा, चौथा. आवाज न करता, एकामागून एक.

"आई, खेळ ना," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "तू सुरू तं कर."

टीव्हीच्या मागून बाबा म्हणाले, "अवं, सुरू आहे न..." आणि थांबले.

आईला कळलं. तिने डबी हळूच सतरंजीवर ठेवली आणि पदर नीट केला.

मला आधी राग आला. रडू नंतर आलं. "कवापासून?" मी विचारलं. "काहून नाही सांगितलं?"

"थंडीपासून," ती म्हणाली. "डावा आधीच गेला होता. उजव्यानं नळीतून पाह्यल्यासारखं दिसते, नाकासमोरचं. आधी तं चेंडूही दिसे. मंग कधी दिसे, कधी नाही. तवा आवाजाकडे ध्यान द्याले लागलो."

आमच्याकडच्या बायका 'लागलो', 'जातो' असंच बोलतात. पुढे जबलपूरला पुण्याकडच्या दोन मुली होत्या, त्यांना याचं फार हसू यायचं.

"भिंतीचा टिक झाला का मनात एक, दोन, तीन बोलाचं. तुह्या पट्टीचा टुक झाला का पुन्हा बोलाचं. किती बोलणं झालं त्यावरून समजते चेंडू वरतून येऊन राहिला का खालतून. आणि माह्यी पट्टी तं माह्या बोटात असते. ती कायले पाहा लागते?"

ती हे एखादी भाजी कशी करतात ते सांगावं तसं सांगत होती. मला एकदम त्या सगळ्या दुपारी वेगळ्या दिसल्या. मी अर्धवट पेंगत, स्वप्नात असल्यासारखी खेळत होते, आणि माझ्या शेजारी ही बाई कूलर बंद करून, श्वास धरून, काळोखात एकेक आवाज पकडत होती. फक्त एवढ्यासाठी की मला तिची काळजी वाटू नये.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

आता ती चिडली. आई सहसा चिडत नसे. "माह्यी माय आजारी पडली तवा मी सातवीत होतो. मी म्हटलं, मी नाही जात शाळेत, मी तुले पाहतो. ती हाव म्हणली. मी नाही म्हणणार हाव. तुले इथं बसवून मले काय दिसाले लागणार आहे?"

"आई..."

"आणि तू तिथं काय करशीन? फोन कानाले लावून बसशीन न? समोरचं माणूस दिसते का? कानावर सरकारचं काम होते, तं माह्या घरचं काहून नाही होणार?"

मी नुसती रडत बसले. तेवढ्यात मागून खरखर ऐकू आली. बाबा पुढे आले होते आणि झाकण उघडून ते नखाएवढं चाक फिरवत होते. आमच्याकडे बघत नव्हते. चित्र हललं, तिरपं झालं, विरघळायला लागलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, चित्र चाललं."

"जाऊ दे," ते म्हणाले. "चित्र आणि आवाज एका जाग्यावर येत नाही याच्यात."

पट्ट्या गेल्या, मधली रेघ गेली, सगळा पडदा मुंग्यांनी भरला. आणि त्या मुंग्यांच्या आतून, लांबून, विहिरीतून आल्यासारखा आवाज आला. टिक. टुक.

आईने मान वर केली.

बाबांनी चाकावरचं बोट तसंच दाबून धरलं, कारण सोडलं की ते घसरत होतं. "खेळा आता," ते म्हणाले.

"मी जिंकलो तं तू जाशीन," आई म्हणाली आणि तिने डबी उचलली. "आणि मी दवाखान्यात येतो. हरलो तरी येतो, पण जिंकलो तं तू जाशीन."

मी डोळे पुसले, डब्यावरचं बटन पुन्हा दाबलं आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पांढऱ्या-काळ्या कणांचं नुसतं सळसळणं, पहाटेच्या झोपेत दिसतं तसं. चेंडू कुठे आहे, माझी पट्टी कुठे आहे, मला काही कळेना. मी उगाच बटन फिरवत राहिले. टिक, म्हणायचा आवाज, आणि शेजारी आईचे ओठ जरासे हलायचे. मग तिची बोटं एवढीशी फिरायची. टुक. माझ्याकडे आला की 'ट्यां'. ती मला सोपे चेंडू देत होती की काय कोण जाणे, पण तेही मला जमत नव्हते. एकदाच, एकच चेंडू, मी डोळे मिटून घेतले तेव्हा माझ्या पट्टीला लागला. "हां, अशी," आई म्हणाली. बाबा चाकाला बोट लावून वाकून उभे होते. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता आणि तो पुसायला त्यांनी हात सोडला नाही.

तिने डाव घेतला.

सोमवारी आम्ही तिघं डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. बाबांनी सुटी काढली होती, जे त्यांनी माझ्या बारशालाही केलं नव्हतं, असं आई वाटेत म्हणाली. डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत उंच स्टुलावर बसवलं. उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोर हात धरला.

"किती बोटं आहेत?"

आईने कान पुढे केला. मग म्हणाली, "वाजवून दाखवा डॉक्टरसाहेब, मंग सांगतो."

डॉक्टर हसले नाहीत. बाबाही नाही. मी मात्र हसले, आणि हसता हसता मला भिंतीला हात टेकावा लागला.

काचबिंदू होता. डावा डोळा गेला तो गेला. उजव्यात जेवढं आहे तेवढं औषधाने टिकेल, पण थेंब सकाळ-संध्याकाळ न चुकता कुणीतरी टाकायला हवेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणीतरी म्हटल्यावर मी तोंड उघडलं. त्याआधीच बाबा म्हणाले, "मी टाकतो." या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांकडून बाटली घेतली आणि ती कशी धरायची ते दोनदा विचारलं.

बाहेर पोर्चमध्ये ऊन मी म्हणत होतं. बाबा रिक्षा बघायला पुढे गेले. आईने माझा दंड धरला, पायरीवर पाय चाचपून ठेवला आणि विचारलं, "काल हरली न तू?"

"हरले."

"मंग घरी जाऊन बॅग भर."

मी बॅग भरली.